विष आणि उतारा: जिवाणूंच्या आपसातल्या लढाईबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मुंबईतल्या एका कॉलेजात मायक्रोबायॉलॉजी शिकवते. दर जानेवारीत आमच्या विभागाचं विज्ञान प्रदर्शन भरतं. त्यात एका टेबलावर पाच-सहा पेट्री प्लेटा, म्हणजे जिवाणू वाढवायच्या उथळ गोल बशा, मांडलेल्या असतात. शाळेची मुलं, त्यांचे आईवडील, आसपासच्या इमारतींमधले आजी-आजोबा, सगळे त्या टेबलापाशी थबकतात. प्रश्न दरवर्षी साधारण तेच असतात, पण गर्दीत उभ्या उभ्या दिलेलं उत्तर अपुरं राहतं. म्हणून ते इथे नीट लिहून ठेवते आहे. एक जिवाणू दुसऱ्याला मारतो कसा, हे बहुतेकांना जाणून घ्यायचं असतं. मला मात्र इतकी वर्षं धरून ठेवलं आहे ते पुढच्या प्रश्नाने: मारणारा स्वतः वाचतो कसा? त्या उत्तराला मी मुद्दाम जास्त जागा दिली आहे.

प्लेटवर दिसणारं ते स्वच्छ वर्तुळ म्हणजे काय?

आधी अगारच्या, म्हणजे जिवाणूंचं अन्न घातलेल्या जेलीच्या, प्लेटवर एका जातीच्या जिवाणूचा ठिपका लावायचा आणि रात्रभर ३७ अंशांवर इन्क्युबेटरमध्ये ठेवायचा. दुसऱ्या दिवशी दुसरी जात पातळ, कोमट अगारात मिसळून त्यावर ओतायची. अगार फार गरम असेल तर जिवाणू मरतात आणि निवला असेल तर गुठळ्या होतात, त्यामुळे बाटली मनगटाला लावून अंदाज घ्यावा लागतो. आणखी एक रात्र गेली की प्लेट उजेडाकडे धरायची. सगळीकडे दुधाळ धूसर थर पसरलेला दिसतो, त्याला आम्ही लॉन म्हणतो. पहिल्या ठिपक्याभोवती मात्र काचेसारखी नितळ कडी असते. तिथे दुसरी जात उगवू शकलेली नाही.

ती कडी नुसत्या आंबटपणामुळेही पडू शकते, म्हणून आम्ही तपासून बघतो. ठिपक्याच्या एका बाजूला प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमचा थेंब ठेवतो. मारणारा पदार्थ प्रथिन असेल तर त्या बाजूने कडी दबते आणि गोलाची चंद्रकोर होते. मुलांना ही चंद्रकोर दाखवली की त्यांचा आवाज बदलतो. असं दरवर्षी होतं.

म्हणजे हे अँटिबायोटिकच ना?

काम सारखं वाटतं, पण जात वेगळी. पेनिसिलिनसारखं अँटिबायोटिक बुरशी किंवा जिवाणू बऱ्याच एन्झाइमच्या साखळीतून, टप्प्याटप्प्याने तयार करतात. आमच्या प्लेटवरच्या मारक पदार्थाला बॅक्टेरिओसिन म्हणतात. ते थेट जनुकावरून, रायबोझोमवर, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रावर, बनणारं प्रथिन किंवा छोटं पेप्टाइड (प्रथिनाचा लहान तुकडा) असतं. दुसरा फरक निशाण्याचा. नेहमीची बरीच अँटिबायोटिक्स अनेक जातींवर चालतात. बॅक्टेरिओसिन बहुधा जवळच्या नात्यातल्यांवरच उलटतं: ई. कोलायचं ई. कोलायवर, स्युडोमोनासचं स्युडोमोनासवर. कारण सरळ आहे. एकाच जागेवर आणि एकाच अन्नावर हक्क सांगणारे भाऊबंदच असतात.

हे पहिल्यांदा कोणाच्या लक्षात आलं?

बेल्जियमचे आंद्रे ग्रासिया यांच्या, १९२५ साली. ई. कोलायच्या एका वाणाच्या द्रवात असं काहीतरी होतं की ते भरपूर पातळ केलं तरी दुसऱ्या वाणाची वाढ थांबत होती. १९४६ मध्ये ग्रासिया आणि पिएर फ्रेदेरिक यांनी अशा पदार्थांना कोलिसिन हे नाव दिलं. बॅक्टेरिओसिन हा व्यापक शब्द १९५३ मध्ये फ्रान्स्वा जाकोब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणला.

परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळालं तेही १९२५ सालीच. दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही, पण मुंबईकर मुलांना ते साल त्यामुळे पक्कं लक्षात राहतं. हाफकिनचा विषय पुढे पुन्हा येणार आहे.

एवढं मोठं प्रथिन शत्रूच्या पेशीत शिरतं तरी कसं?

दार फोडून नव्हे, दुसऱ्याच्या नावाने दार उघडून घेऊन. ई. कोलायच्या बाहेरच्या आवरणावर ब१२ जीवनसत्त्व आत घेण्यासाठी बीटीयूबी नावाचं प्रथिन असतं. ई गटातली कोलिसिनं नेमकी त्यालाच चिकटतात. दुसरी काही कोलिसिनं लोह आत घेणाऱ्या दारांचा आधार घेतात. पेशीला ही दारं बंद करणं महागात पडतं, कारण जीवनसत्त्व आणि लोह त्यांतूनच आत येतं.

कोलिसिनचे साधारण तीन भाग असतात. मधला भाग दाराला धरतो, पुढचा भाग आवरणाच्या आतल्या यंत्रणेला हात घालून ओढ मिळवतो आणि शेवटचा भाग प्रत्यक्ष घाव घालतो. म्हणजे शत्रूच्याच यंत्रणेकडून स्वतःला आत ओढून घेतलं जातं.

आत गेल्यावर ते काय करतं?

प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. कोलिसिन ई१ आतल्या पटलाला भोक पाडतं, आयन बाहेर वाहू लागतात आणि पेशीची ऊर्जा संपते. ई२, ई७, ई८ आणि ई९ डीएनए कापतात. कोलिसिन एम पेशीभित्तिकेसाठी लागणाऱ्या कच्च्या मालाचाच नाश करतं.

ई३ ची करामत मी दर वर्षी फळ्यावर काढून दाखवते. रायबोझोमच्या लहान भागात १,५४२ अक्षरांचा एक आरएनए असतो. ई३ त्यातल्या १,४९३ आणि १,४९४ या दोन अक्षरांच्या मधे एकच काप देतं. बाकी सगळा रायबोझोम जागच्या जागी असतो, पण प्रथिनं बनणं बंद होतं. असा एकच रेणू आत पोचला तरी पेशी मरू शकते.

मग बनवणारा स्वतः कसा वाचतो?

हाच खरा प्रश्न. डीएनए कापणारं प्रथिन स्वतःच्याच पेशीत बनतं आहे आणि तिचा स्वतःचा डीएनए शेजारीच पसरलेला आहे. तरी तो कापला जात नाही.

कारण विषाच्या जनुकाला लागूनच उताऱ्याचं जनुक असतं. उतारा म्हणजे एक छोटं प्रथिन, त्याला इम्युनिटी प्रोटीन म्हणतात. कोलिसिन ई९ मध्ये ५८२ अमिनो आम्लं आहेत, तर त्याच्या उताऱ्यात, आयएम९ मध्ये, फक्त ८६. कोलिसिन तयार होताच हे इवलंसं प्रथिन त्याच्या कापणाऱ्या टोकाला जाऊन चिकटतं. बरोबर कापणाऱ्या जागेवर ते बसत नाही, तिच्या शेजारी बसतं, पण अशा तऱ्हेने की डीएनएला तिथे यायला वाट उरत नाही. सुरीच्या पात्याला हात न लावता मुठीपाशी म्यान अडकवावं, तसं.

ही पकड किती घट्ट आहे? प्रथिना-प्रथिनांमधल्या आजवर मोजलेल्या सर्वांत घट्ट पकडींमध्ये तिची गणना होते. जोडी एकदा जमली की नुसत्या पाण्यात ती आपोआप सुटायला दिवसच्या दिवस जातात. दुसऱ्या कोलिसिनचा उतारा, म्हणजे आयएम२, दिसायला अगदी सख्ख्या भावासारखा आहे. पण तो ई९ ला सुमारे दहा लाख पट सैल धरतो आणि तेवढ्याने जीव वाचत नाही. प्रत्येक विषाला ज्याचा त्याचाच उतारा लागतो.

आता वेळेचं गणित बघा. विषाचं जनुक एरवी बंद असतं. उताऱ्याच्या जनुकाला मात्र स्वतःचा वेगळा स्विच आहे आणि तो कायम थोडासा चालू असतो. म्हणजे विष एक थेंबही बनलेलं नसताना उतारा पेशीत हजर असतो. हे मला फार मोलाचं वाटतं. शेजारच्या बहिणीने, म्हणजे त्याच वाणाच्या पेशीने, सोडलेलं कोलिसिन आत शिरलं, तर तोच साठा कामी येतो.

भोक पाडणाऱ्या कोलिसिनांची सोय निराळी आहे. त्यांचा उतारा आतल्या पटलातच रुतून बसलेला असतो आणि बाहेरून येणाऱ्या कोलिसिनला भोक उघडण्याआधीच तिथे अडवतो. विष जिथे घाव घालतं, तिथेच पहारा.

विष आणि उतारा एकत्रच बाहेर पडत असतील, तर शत्रूलाही उतारा मिळत नाही का?

प्रश्न चोख आहे. हा मला एकदा अकरावीच्या मुलीने विचारला होता. होय, डीएनए कापणारं कोलिसिन उताऱ्यासकटच बाहेर पडतं. पण शत्रूच्या पेशीत शिरताना त्याला अरुंद वाटेने ओढलं जातं. त्या ओढीसाठी शत्रूचीच ऊर्जा खर्च होते आणि उतारा सुटून बाहेर राहतो. दिवसेंदिवस न सुटणारी गाठ दारातच सुटते.

म्हणजे विष बनवणारी पेशी सुखरूप राहते?

नाही, आणि इथे बहुतेकांना धक्का बसतो. कोलिसिनच्या बाबतीत ते सोडणारी पेशी मरते. कोलिसिन बाहेर टाकायला तिच्याकडे साधा मार्ग नसतो. त्याच जनुकांच्या ओळीत एक तिसरं जनुक असतं, त्याचं प्रथिन पेशीचं आवरण सैल करतं, पेशी फुटते आणि कोलिसिन बाहेर पसरतं. म्हणून वसाहतीतल्या थोड्याच पेशी हे करतात. डीएनएला इजा झाली की पेशीत धोक्याची घंटा वाजते, लेक्सए नावाचा पहारेकरी बाजूला होतो आणि विषाचं जनुक सुरू होतं. उतारा वाचवतो तो मागे राहिलेल्या बहिणींना.

एखाद्या पेशीकडून हे जनुकच हरवलं तर?

विष आणि उतारा ही दोन्ही जनुकं बहुधा प्लास्मिडवर, म्हणजे डीएनएच्या छोट्या सुट्या कडीवर असतात. पेशी दुभंगताना एखाद्या लेकीच्या वाट्याला प्लास्मिड आलंच नाही, तर तिच्याकडे विष नाही आणि उताराही नाही. मग ती आपल्याच घरच्यांच्या विषाने मरते. प्लास्मिड टिकून राहतं ते असं.

इम्युनिटी आणि रेझिस्टन्स यांत फरक काय? परीक्षेत नेहमी गोंधळ होतो.

इम्युनिटी म्हणजे नेमका उतारा जवळ असणं. विष आत येतं, पण निकामी होतं. रेझिस्टन्स म्हणजे विषाला आत येऊच न देणं. ब१२ चं दार बदललं किंवा गमावलं की ई गटातलं कोणतंच कोलिसिन धरू शकत नाही. उतारा एकाच विषावर चालतो, दार बंद केलं तर एका फटक्यात अनेक विषं टळतात. पण दार बंद केल्याची किंमत अन्नात मोजावी लागते. उत्तरपत्रिकेत हा शेवटचा मुद्दा जरूर लिहा.

हा फरक मला स्वतःला नीट उमगला तो एका फसलेल्या प्रात्यक्षिकातून. एका वर्षी पूर्ण बॅचच्या प्लेटांवर कडीच पडली नाही. मुलं हिरमुसली. मी मीडिया, म्हणजे जिवाणूंचं खाद्य, तपासला, इन्क्युबेटरचा पारा तपासला, सगळं ठीक होतं. दोन दिवसांनी बाटल्यांवरची लेबलं पाहिली तेव्हा कळलं, मीच लॉनसाठी चुकून विष बनवणारी जात दिली होती. ठिपका तिचाच, लॉनही तिचंच. त्या धूसर, अखंड, कुठेही न तुटलेल्या प्लेटवर उतारा काम करताना दिसत होता. तेव्हापासून एक प्लेट मी मुद्दाम तशीच करते आणि प्रदर्शनात कडीवाल्या प्लेटच्या शेजारी ठेवते.

आमच्या घरच्या दह्यात हे असतं का?

असू शकतं, पण खात्री देता येत नाही. दूध आंबवणाऱ्या लॅक्टोकॉकस लॅक्टिसचे काही वाण नायसिन बनवतात. सगळे बनवत नाहीत. विरजणात कोणता वाण आहे हे घरी कळायला मार्ग नाही. दही टिकतं ते मुख्यतः लॅक्टिक आम्लामुळे. जूनमधल्या दमट मुंबईत ओट्यावर विसरलेलं दही दुपारपर्यंत चढून आंबट होतं, त्या आंबटपणाचं श्रेय आम्लालाच द्या.

नायसिन मात्र मोठी असामी आहे. १९२८ मध्ये त्याचा परिणाम नोंदवला गेला आणि १९४७ मध्ये नाव मिळालं. त्यात ३४ अमिनो आम्लं असतात. चीजच्या पाकिटावर प्रिझर्व्हेटिव्ह म्हणून २३४ हा आकडा दिसला तर ते नायसिन. पेशीभित्तिकेची वीट वाहून आणणाऱ्या लिपिड टू या रेणूला ते पकडतं, बांधकाम अडवतं आणि त्याच रेणूचा आधार घेऊन पटलाला भोकही पाडतं. ई. कोलायसारख्या, बाहेर जादा आवरण असलेल्या जिवाणूंवर ते एकटं फारसं चालत नाही.

मग नायसिन बनवणारा जिवाणू कसा वाचतो? त्याच्याकडेही म्यान असतं का?

त्याच्याकडे दोन माणसं कामाला आहेत म्हणा. निसआय हे प्रथिन पटलाच्या बाहेरच्या बाजूला बसून आलेलं नायसिन धरून ठेवतं. दुसरा एक पंप पटलापाशी पोचलेलं नायसिन पुन्हा बाहेर फेकतो. आत बनताना धोका नसतो, कारण तेव्हा त्याला एक जादा शेपूट जोडलेलं असतं आणि ते निष्क्रिय असतं. बाहेर पडल्यावर शेपूट कापलं जातं, मगच ते मारक होतं.

तिसरी तऱ्हा लायसोस्टॅफिनची. हे एन्झाइम स्टॅफिलोकॉकसच्या भिंतीतले पाच ग्लायसिनचे पूल तोडतं. ते बनवणारा जिवाणू स्वतःच्या पुलांत काही ठिकाणी ग्लायसिनऐवजी सेरिन बसवतो. मग एन्झाइमला तोडायची जागाच सापडत नाही.

काही जिवाणू म्हणे भाला मारतात?

मारतात. विष पाण्यात सोडून देण्याऐवजी शेजाऱ्याच्या अंगात थेट खुपसायचं, अशी ही रचना आहे. नाव टाइप सिक्स सिक्रिशन सिस्टिम. २००६ मध्ये ती कॉलऱ्याच्या जिवाणूत ओळखली गेली. विषाणूच्या शेपटीसारखी एक नळी आकसते आणि विष माखलेलं टोक शेजारच्या पेशीत घुसतं.

कॉलऱ्याचा जिवाणू खाडीच्या, समुद्राच्या पाण्यात राहतो आणि कोळंबी-खेकड्यांच्या कवचातल्या कायटिनवर वसतो. कोळंबी सोलताना ताटलीत साठणारं ते अर्धपारदर्शक साल म्हणजे बरंचसं कायटिनच. त्या कायटिनमुळेच त्याची भाल्याची यंत्रणा जागी होते आणि त्याच वेळी बाहेरचा डीएनए आत ओढून घेण्याची क्षमताही. म्हणजे शेजाऱ्याला मारायचं आणि त्याची जनुकं उचलायची.

उतारा इथेही हवाच, आणि अधिक निकडीने. दाटीवाटीत सगळ्या बहिणी एकमेकींना भाले खुपसत असतात. प्रत्येक विषाचा उतारा जिच्याकडे आहे ती वाचते. दोन वाणांची विषं वेगळी असली तर ते एकमेकांना मारतात, मग जात एकच का असेना.

मुंबईच्या प्लेगच्या जिवाणूकडेही असलं काही असतं का?

हो, आणि ते सांगताना मी दरवेळी थोडी थांबते. १८९६ मध्ये मांडवी भागातून प्लेग शहरभर पसरला. वाल्देमार हाफकिन यांनी इथेच लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. त्या रोगाचा जिवाणू, येर्सिनिया पेस्टिस, पेस्टिसिन नावाचं प्रथिन बनवतो. ते माणसाविरुद्ध नाही, नात्यातल्या जिवाणूंविरुद्ध असतं. लोह आत घेणाऱ्या एका दारातून ते शिरतं आणि पेशीभित्तिका कुरतडतं.

तेच दार प्लेगच्या जिवाणूच्या स्वतःच्या अंगावरही आहे. म्हणून त्याला पिम नावाचा उतारा लागतो. भित्तिका ज्या पोकळीत असते त्याच पोकळीत पिम राहतो. विष आणि उतारा दोन्ही जनुकं सुमारे साडेनऊ हजार अक्षरांच्या एका छोट्या प्लास्मिडवर आहेत. ते प्लास्मिड काढून टाकलं तर प्लेगचा जिवाणू पेस्टिसिनने मरू शकतो.

मग विष बनवणारेच सगळीकडे जिंकायला हवेत. तसं का होत नाही?

दगड-कागद-कात्री आठवा. विष बनवणारा साध्या, हळव्या जातीला मारतो. दार बंद केलेली जात विषाला दाद देत नाही, शिवाय विष बनवायचा खर्च तिच्या डोक्यावर नसतो, त्यामुळे ती बनवणाऱ्यापेक्षा भरभर वाढते. पण विषाचा धोका नसेल तर सर्वांत वेगाने साधी जातच वाढते, कारण तिची सगळी दारं उघडी असतात. २००२ मध्ये अमेरिकेत बेन्जामिन कर आणि सहकाऱ्यांनी ई. कोलायच्या अशा तीन जाती एकत्र वाढवल्या. प्लेटवर, जिथे शेजार ठरलेला असतो, तिन्ही टिकल्या. फ्लास्कमध्ये सतत ढवळल्यावर एकच उरली.

अँटिबायोटिक चालेनासं झालं की डॉक्टर हे का देत नाहीत?

प्रथिनं पोटात पचून जातात, रक्तात दिली तर शरीर त्यांना परकं मानू शकतं आणि नेमका कोणता जिवाणू आहे हे आधी पक्कं कळावं लागतं. अन्न टिकवण्यात नायसिन रुळलेलं आहे. गाईंच्या कासदाहापासून बचावासाठी सड पुसायच्या फडक्यांतही ते वापरलं गेलं आहे. पण डॉक्टरांनी दिलेला कोर्स सोडून दही खाऊ नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

घरी हा प्रयोग करता येईल का?

ई. कोलायसारखे जिवाणू घरी मुळीच वाढवू नका. प्लेट नीट मारून, म्हणजे ऑटोक्लेव्ह करून (दाबाखालच्या वाफेत तापवून), टाकण्याची सोय घरी नसते. प्रदर्शनाला या. टेबलावर डावीकडे कडी असलेली प्लेट असते आणि उजवीकडे कडी नसलेली. आधी उजवीकडची हातात घ्या आणि खिडकीकडे धरून बघा.